हिरवळ आणि हवामान

इंग्लंडांतील हिरवळ ही माळ्याच्या कौशल्याइतकीच तेथील आभाळाची देणगी आहे. बाराही महिने थोडाबहुत पाऊस आणि सौम्य उन्हाळा, यांमुळें तेथें गवत आपोआप वाढतें. प्रश्न असतो तो कापण्याचा. पूर्वीं तें काम मेंढ्या व विळे करीत. १८३० मध्यें एडविन बडिंग यानें गवत कापण्याचें यंत्र शोधलें आणि पुढें मध्यमवर्गीयांच्या घरांपुढेंही हिरवळ दिसूं लागली.

इराणी व मोगल उद्यानांची कुळकथा निराळी. जेथें ऊन प्रखर आणि पाणी दुर्मिळ, तेथें पाण्यालाच मान. पाटांनीं विभागलेली चारबाग, वाफ्यांहून उंच पायवाटा आणि फळझाडांची सावली, हा सारा उन्हांतला विसावा होता. ताजमहालापुढेंही अशीच दाट झाडी होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड कर्झनच्या अमदानींत ती हटवून इंग्रजी धर्तीच्या मोकळ्या हिरवळी करण्यांत आल्या. इमारत दुरून दिसूं लागली. सावली मात्र गेली.

परक्या हवेंतील आवड जोपासावयाची, तर तिची किंमत पाण्यानें मोजावी लागते. वाळवंटांत वसलेल्या लास व्हेगास शहराला हा हिशेब पटला. नेव्हाडा राज्याच्या २०२१ च्या कायद्यानें, स्वतंत्र घरांचीं अंगणें वगळून, निव्वळ शोभेच्या हिरवळींना २०२७ पासून कोलोरॅडो नदीचें पाणी न देण्याचें ठरविलें.

महाराष्ट्रांतील हरळी वैशाखांत पिवळी पडते, परंतु मुळाशीं जिवंत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां फुटते. तिचें तें पिवळेपण माळ्याचा दोष नव्हे. तो ऋतूचा रंग आहे.