कॅरिअरवरचा ‘५०० पाउंड’ हा आकडा कुणासाठी असतो?

मागच्या भागात ट्रक कॅम्परबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की सामान मागे लावायचं असेल तर कॅरिअर कुठला घ्यायचा? खरं सांगायचं तर मी स्वतः तो चुकीचा घेतला होता. म्हणजे कॅरिअर चांगला होता, पण मी केलेला हिशोब चुकीचा होता. त्यामुळे आजचा भाग त्या हिशोबावर.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेली छोटी खोली. पलंग, शेगडी, फ्रीज, सगळं आत. आम्ही दोघं डेन्व्हरला राहतो, आणि दोन वर्षांपूर्वी एक जुना कॅम्पर घेतला. आत जागा इतकी कमी, की खुर्च्या आणि जनरेटर बाहेरच ठेवावे लागतात. पिकअपच्या मागे खाली एक चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. ट्रेलर तिथेच जोडतात. त्याच नळीत जाळीदार लोखंडी तबक अडकवलं की झाला कार्गो कॅरिअर.

आता गोम अशी, की कॅम्पर हौद्यापेक्षा लांब असतो, मागे दोन-तीन फूट बाहेर येतो. रिसीव्हर राहतो त्याच्या पोटाखाली. मग मध्ये एक एक्स्टेन्शन घालावं लागतं, म्हणजे नळीला जोडनळी. आमचं होतं ३२ इंचांचं.

कॅरिअरवर लिहिलं होतं ५०० पाउंड, म्हणजे साधारण २२७ किलो. माझी बेरीज अशी: कॅरिअर स्वतः ६०, जनरेटर ५५, पेट्रोलचे भरलेले दोन कॅन ७०, लाकडं आणि किरकोळ ५५. एकूण २४०. अर्ध्याहूनही कमी! मी खूश. ऑफिसात कुणी असा एकच कॉलम बघून कोड पाठवला असता तर मी रिव्ह्यूमध्ये सोलून काढला असता, पण इथे मी स्वतःच तेच केलं.

गेल्या सप्टेंबरात मोआबकडे निघालो. युटातले कच्चे रस्ते पन्हाळी पत्र्यासारखे असतात, वीस-पंचवीस मैल नुसतं खडखडखडखड. एका वळणावर बायको म्हणाली, “अरे, मागून वेगळा आवाज येतोय.” उतरून बघतो तर एक्स्टेन्शन रिसीव्हरपाशी वाकलेलं, वेल्डिंगला केसाएवढी चीर, आणि जनरेटर एका पट्ट्यावर लटकलेला. मागे लांबवर एक मोटारसायकलवाला येत होता. तो आम्हाला हात करून निघून गेला. मला मात्र पुढचा अर्धा तास हातांचा थरकाप आवरेना.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा सातारा जिल्ह्यातल्या गावात वाढले, बैलगाडी हाकलेली. त्यांनी फोटो बघितला आणि एवढंच म्हणाले, “अरे, गाडी उलाळ झाली तुझी.” बैलगाडीत मागे जास्त ओझं पडलं की जू वर उचललं जातं, त्याला उलाळ म्हणतात. चार वर्षं बीटेक करून मला जे सुचलं नाही ते एका शब्दात!

हिशोब बघा. आमच्या ट्रकचा व्हीलबेस १६० इंच. मागच्या ॲक्सलपासून कॅरिअरच्या मध्यापर्यंत १०० इंच. २४० गुणिले १००, भागिले १६०, म्हणजे १५०. इतके पाउंड पुढच्या ॲक्सलवरून *उचलले* गेले. आणि मागच्या ॲक्सलवर २४० नाही, ३९० पडले. कॅम्परने मागचा ॲक्सल आधीच दबलेला असतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं, ते मला लागलंही होतं. मी वाऱ्याला दोष दिला होता.

दुसरा हिशोब रिसीव्हरचा. कॅरिअर थेट रिसीव्हरला लावला तर ओझ्याचा मध्य साधारण दीड फुटावर येतो. पूर्ण ५०० पाउंड भरले तरी वाकवणारा जोर, म्हणजे मोमेंट, ७५० फूट-पाउंड. आमचे २४० पाउंड होते ५० इंचांवर. तो जोर झाला १००० फूट-पाउंड. म्हणजे अर्धवट भरलेलं माझं तबक रिसीव्हरला पूर्ण भरलेल्या तबकापेक्षा जड! त्यामुळेच कॅरिअरला काही झालं नाही, वाकलं ते एक्स्टेन्शन. कॅरिअरवरचा आकडा फक्त कॅरिअरपुरता असतो. एक्स्टेन्शन लावलं की हिचची क्षमता निम्मी धरा, असं बरेच बनवणारे त्यांच्या कागदावर लिहितात. तो कागद मी खोक्यासकट टाकून दिला होता.

आणि हे सगळं ट्रक उभा असतानाचं. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसला असाल तर पुढचं सांगायला नको. खड्डा सगळ्यांना सारखाच, पण उडतो मागचाच. कॅरिअर त्या सीटच्याही मागे असतो.

मग घ्यायचं काय? आधी एक्स्टेन्शन ठरवा, मग कॅरिअर. ट्रक कॅम्परसाठी खास एक्स्टेन्शन मिळतात, ज्यांना खालून आधाराचा दुसरा दांडा असतो आणि नळ्या दोन. टॉर्कलिफ्टच्या सुपरहिचला लागणारं सुपरट्रस त्यातलं नावाजलेलं. महाग आहे, पण कॅम्पर घेऊन इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. कॅरिअर ॲल्युमिनियमचा आणि अरुंद घ्या, म्हणजे ओझं ट्रकच्या जवळ राहतं. दांडा वर वळवलेला असेल तर उत्तम, नाहीतर पेट्रोल पंपाच्या उतारावर शेपूट घासते. नळीतला खुळखुळा घालवायला क्लॅम्प लागतोच. नंबरप्लेट आणि दिवे झाकले तर वेगळी सोय करा. कॅम्परचं दार मागेच असतं, तेव्हा रात्री अंधारात त्या तबकावरून उतरता येईल का, हे दुकानातच उभं राहून बघा. बायकोने हे आधीच विचारलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

जनरेटर मागे नेलात तरी तिथेच चालू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवा, धूर पलीकडे जाईल असा. पेट्रोलचे कॅन एक्झॉस्टजवळ अजिबात नकोत. आम्ही कॅन नेणंच बंद केलं.

आता आमच्या कॅरिअरवर खुर्च्या, थोडी लाकडं, कचऱ्याची पिशवी आणि चिखलाचे बूट. सगळं फुगीर पण हलकं. जड ते आत, मागच्या ॲक्सलच्या पुढे. निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जातो. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. एकदा रिकाम्या कॅरिअरसह, एकदा भरून, आणि दोन्ही चिठ्ठ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये.

तुमच्या ट्रकची मापं व्हॉइस नोटवर पाठवा: व्हीलबेस, ॲक्सलपासून कॅरिअरच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि एकूण वजन. पुढच्या भागात दोन-तीन गाड्यांचा हिशोब आपण मिळून करू.