अंदमानात बिऱ्हाड हलवण्याआधी

बदलीचा आदेश येतो, त्यात ठिकाण म्हणून अंदमान लिहिलेलं असतं, आणि घरात सल्ल्यांचा पूर येतो. सहा दिवसांची टूर करून आलेले म्हणतात, डोळे मिटून जा. आजीला सेल्युलर जेल आठवतं आणि ती म्हणते, नको रे बाबा. नौदल, तटरक्षक दल, बँका, केंद्र सरकारची खाती अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना हा निर्णय बऱ्याचदा थोड्या दिवसांत घ्यावा लागतो, आणि तोही ऐकीव माहितीवर. माझ्या मते मुळात प्रश्नच अर्धवट विचारला जातो. ‘अंदमानला जायचं का?’ याला उत्तर नाही. कोणत्या बेटावर, किती वर्षांसाठी आणि घरातल्या कोणाकोणाला घेऊन, हे ठरवलं की उत्तर दिसायला लागतं. त्याच्या आड येणारे काही समज इथे तपासून पाहू.

‘अंदमान म्हणजे अंदमान, बेट कुठलंही असलं तरी काय फरक पडतो?’

सगळ्यात जास्त घोळ याच समजाने होतो. अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटं आहेत, पण वस्ती जेमतेम तीसेक बेटांवर आहे. २०११च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या आसपास होती. त्यातले जवळपास २ लाख ३८ हजार लोक एकट्या दक्षिण अंदमान जिल्ह्यातले, म्हणजे मुख्यतः पोर्ट ब्लेअर आणि त्याच्या परिसरातले. सप्टेंबर २०२४मध्ये या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. बोलण्यात अजून दोन्ही नावं येतात. हे शहर आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावासारखं आहे. बाजारपेठ, शाळा, महाविद्यालयं, वैद्यकीय महाविद्यालय, विमानतळ, सारं काही आहे. इथली बदली म्हणजे एका लहान, दमट, चढउतारांच्या शहरात राहायला जाणं.

उत्तरेकडच्या दिगलीपूरला बदली झाली तर राजधानीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. तो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे ठरावीक वेळी सुटणाऱ्या ताफ्यातूनच गाडी न्यावी लागते. दक्षिण टोकाला ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बे इथे बदली झाली तर पोर्ट ब्लेअर पाचशेहून अधिक किलोमीटर दूर राहतं. मधल्या बेटांवर थांबत जाणारी बोट दीड-दोन दिवस घेते. तिथून इंडोनेशियाचं सुमात्रा बेट जास्त जवळ आहे.

कॅम्पबेल बेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तिथे मराठी कुटुंबं एकदा खरोखर राहायला गेली होती. १९६९पासून पुढे सुमारे दहा वर्षं केंद्र सरकारने माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबं ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर वसवली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, आंध्र अशा निरनिराळ्या राज्यांतून ती आली होती. त्यांना जमिनी मिळाल्या आणि गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावं उभी राहिली. सदाहरित जंगल तोडून त्यांनी नारळ-सुपारी लावली आणि मुलं तिथेच वाढवली. २६ डिसेंबर २००४च्या सुनामीत किनाऱ्यालगतची वस्ती, बागा आणि दक्षिणेकडे जाणारा रस्ता उद्ध्वस्त झाला. अनेक कुटुंबांनी नव्या जागी पुन्हा सुरुवात केली. ज्याला ‘बेटावर कायमचं राहायला जाणं’ म्हणतात ते कसं असतं हे समजून घ्यायचं असेल, तर पर्यटनाच्या माहितीपत्रकापेक्षा या लोकांचा इतिहास वाचावा. ते तीन वर्षांच्या बदलीवर आले नव्हते. एका पिढीने परतीचा विचार सोडून दिला, तेव्हा कुठे ती गावं झाली. आज त्याच बेटावर बंदर, विमानतळ आणि नवं शहर उभारण्याच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळालेली आहे. ‘तिथे आता खूप विकास होणार, आत्ताच जागा पकडा’ असं सांगणारे भेटतील. होणाऱ्या गोष्टींच्या भरवशावर लेकरांना घेऊन जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. आज तिथे शाळा कशी आहे, डॉक्टर किती आहेत, बोट कधी येते, एवढंच विचारावं.

‘विमानाने दोन तास, मग दूर कसलं?’

चेन्नई किंवा कोलकात्याहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचतं, हे खरं. माणसाच्या प्रवासापुरतं अंतर तेवढंच. पण तुमचं घर जहाजाने चालतं. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे जवळपास १२०० किलोमीटर आहे, आणि जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात. कांदे, बटाटे, डाळी, औषधं, सिमेंट, पेट्रोल-डिझेल, गाडीचे सुटे भाग, सगळं याच वाटेने येतं. समुद्र खवळला, जहाज उशिरा लागलं, की भाजीचे भाव चढतात आणि काही वस्तू बाजारातून दिसेनाशा होतात. नारळ, केळी आणि मासळी मुबलक. सुरमई, टुना ताजी मिळते. मासे खाणाऱ्या कोकणी घराचं चांगलं भागतं. रोज पालेभाजी आणि ताजं दूध लागणाऱ्या घराला महिन्याचा हिशेब नव्याने मांडावा लागेल, दूध पावडरीची सवयही करावी लागेल.

हवामान बिघडलं तर एका बेटावरून दुसऱ्यावर जाणंच थांबतं. डिसेंबर २०१६मध्ये, म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात, वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक अडकले आणि नौदलाची जहाजं पाठवावी लागली. पर्यटकाची अशा वेळी सुट्टी लांबते. तिथे राहणाऱ्याची परीक्षा, लग्न किंवा वडिलांचं ऑपरेशन हुकतं.

सरकारी बोटींवर स्थानिक रहिवाशांना, म्हणजे ‘आयलँडर’ ओळखपत्र असलेल्यांना, स्वस्त भाडं आणि प्राधान्य असतं. नव्याने गेलेल्या कुटुंबाला ते आपोआप मिळत नाही. आपल्या नोकरीच्या वर्गवारीत काय सवलत लागू आहे ते कार्यालयातून आधीच लेखी विचारून घ्यावं.

इंटरनेटबद्दलची भीती मात्र जुनी झाली. पूर्वी सगळा भार उपग्रहावर होता. ऑगस्ट २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. ती पोर्ट ब्लेअरसह स्वराज द्वीप (हॅवलॉक), रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबारपर्यंत जाते. व्हिडिओ कॉलवर चालणारं काम पोर्ट ब्लेअरमधून करता येतं. वीज मात्र अजून मुख्यतः डिझेलवर तयार होते, तेव्हा घरात इन्व्हर्टर हवा.

‘एवढा पाऊस पडतो, पाण्याची काय चिंता!’

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही दोन्ही मोसमी वाऱ्यांचा. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून, मग डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून. तरीही उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला पाणीकपात होते आणि नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं. उताराची जमीन आणि लहान ओढे. पडलेलं पाणी थेट समुद्रात जातं. शहराची मदार प्रामुख्याने एका धनीखारी धरणावर आहे. घर भाड्याने घेताना समुद्र दिसतो का हे बघण्याआधी गच्चीवरची टाकी केवढी आहे ते बघा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, तिथेही धो-धो पावसानंतर मे महिन्यात टँकर येतात.

आठ महिन्यांच्या दमटपणात कपाटातले कपडे, पुस्तकं, चामड्याच्या वस्तूंना बुरशी धरते, आणि खाऱ्या हवेने लोखंड गंजतं. सागवानी फर्निचर, भारी साड्यांची ट्रंक मूळ गावी राहू द्यावी.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे, पण घड्याळ तेच. जूनमध्ये पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच मावळतो. ज्या घरात मुलं शाळेतून आल्यावर अंधार पडेपर्यंत खेळतात, त्या घराला हा बदल जाणवतो. दिवस लवकर सुरू करणाऱ्यांना तो मानवतो.

‘मलेरियाने आणि साध्या तापानेही माणूस जातो’ आणि याच्या उलट ‘आता तिथे मेडिकल कॉलेज आहे, काळजी नाही’

पहिला समज काळ्या पाण्याच्या काळातला आहे. आज डास आहेत, डेंग्यू होतो, मलेरियाचा धोका बेटागणिक वेगळा आहे. विशेष लक्ष द्यायचं ते लेप्टोस्पायरोसिसकडे. उत्तर अंदमानात एके काळी ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ म्हणून ओळखला जाणारा गूढ आजार प्रत्यक्षात लेप्टो असल्याचं पोर्ट ब्लेअरच्या आयसीएमआर केंद्रातल्या संशोधनातून स्पष्ट झालं. साचलेल्या पाण्यातून, चिखलातून अनवाणी चालायचं नाही, पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढायचा नाही, हे नियम कोकणात लागू आहेत तसेच इथेही.

दुसरा समज अधिक घातक, कारण तो निश्चिंत करतो. जी. बी. पंत हे मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, २०१५पासून त्याच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि सैन्यदलांसाठी नौदलाचं धन्वंतरी रुग्णालय आहे. नेहमीची बाळंतपणं, अपेंडिक्स, हाड मोडणं हे तिथे होतं. पण गुंतागुंतीच्या आजारासाठी रुग्णाला चेन्नई किंवा कोलकात्याला पाठवण्याची वेळ येते. दूरच्या बेटावर असाल तर त्याआधी पोर्ट ब्लेअर गाठायचं, बोटीने किंवा हेलिकॉप्टर मिळालं तर हेलिकॉप्टरने, आणि दोन्ही हवामानावर अवलंबून. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाची फाइल काढून बसावं. डायलिसिसवरचे वडील, हृदयाचा गंभीर आजार असलेली आई, चालू कर्करोगाचे उपचार, जोखमीची गर्भावस्था, वारंवार दवाखान्यात न्यावं लागणारं मूल, यांपैकी काही असेल तर लहान बेटावर सगळ्यांनी जाऊ नये. नोकरी करणाऱ्याने एकट्याने जावं. कुटुंब तोडल्याचा दोष कोणी देईल, तो घ्यावा. पोर्ट ब्लेअरलाही आपल्या डॉक्टरांशी आणि तिथल्या रुग्णालयाशी बोलून, नेहमीचं औषध तिथे मिळतं याची खात्री करूनच जावं.

‘सुनामी पुन्हा आली तर?’

हा प्रश्न भित्रेपणाचा नाही. ही बेटं भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात आहेत. २००४च्या भूकंपात ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून अधिक खचली. पोर्ट ब्लेअरचा परिसरही सुमारे मीटरभर खाली गेला, आणि शहराजवळच्या सिप्पीघाट भागातली भातशेती कायमची खाऱ्या पाण्याखाली गेली. उत्तर अंदमानात याच्या उलट किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडले. तेव्हा इशारा देणारी यंत्रणा नव्हती. २००७पासून हैदराबादहून हिंदी महासागरासाठी सुनामीची पूर्वसूचना दिली जाते. पण भूकंपाचं केंद्र जवळ असेल तर लाट काही मिनिटांत येते. जोराचे, लांबलेले हादरे बसले की सायरनची वाट न बघता उंचावर जायचं, हे घरातल्या सात वर्षांच्या मुलालाही पाठ हवं. किनाऱ्याला लागून असलेलं घर फोटोत सुंदर दिसतं. मी टेकडीवरचं घेईन. पोहायला जाताना खाऱ्या पाण्यातल्या मगरींबद्दलचे फलकही गांभीर्याने वाचावेत. काही किनाऱ्यांवर त्यांच्यासाठीच पाण्यात जाळी लावलेली असते.

परवाना, भाषा, पैसा

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथे भारतीयांना कसलाही परवाना लागत नाही. निकोबारसाठी पास लागतो, आणि आदिवासी राखीव क्षेत्रात १९५६च्या संरक्षण नियमानुसार बाहेरच्यांना मज्जाव आहे. जारवा किंवा सेंटिनेली लोक हा बघायला जाण्याचा विषय नाही, हे मुलांना घरून निघण्याआधीच शिकवावं.

‘आपलं कोणी नाही, भाषा कळणार नाही’ ही काळजी सोडून द्या. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडचे आदिवासी, मायाबंदरचे कारेन, असे सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. मराठी कानावर कमी पडेल, पण एकटं पडल्यासारखं वाटणार नाही.

पैशाचं गणित टूर पॅकेजवरून करू नये. केंद्रीय कर्मचाऱ्यांना सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनाच्या १०, १६ किंवा २० टक्के द्वीप विशेष भत्ता मिळतो. राजधानीच्या परिसरात सर्वांत कमी, दुर्गम बेटांवर सर्वांत जास्त. खासगी नोकरीत असा भत्ता मागून घ्यावा लागतो, कारण वर्षातून एकदा चौघांनी गावी येण्याचं विमानभाडंच मोठं असतं. जमीन घेण्याचे बेत बाजूला ठेवा. बेटांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जंगल आहे, त्यामुळे वस्तीला उरलेली जमीन थोडी आणि महाग.

‘मुलांचं काय, सीबीएसई सगळीकडे सारखंच’

अभ्यासक्रम सारखाच आहे, केंद्रीय विद्यालयंही आहेत, आणि प्राथमिक शाळेतल्या मुलाला बेटावरची दोन-तीन वर्षं भरभरून देतात, यात मला शंका नाही. अडचण पुढे येते. महाराष्ट्रात राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हावं लागतं. अपवाद ठरावीक वर्गांना आहेत आणि त्यांच्या अटी बारकाईने लिहिलेल्या आहेत. अंदमानच्या कोट्यासाठी तिथल्या वास्तव्याच्या अटी आहेत, त्या दोन-तीन वर्षांत पूर्ण होतीलच असं नाही. मूल दोन्हीकडून सुटू शकतं. तेव्हा आठवीतल्या मुलीचं दप्तर भरण्याआधी सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं प्रकरण वाचा. नववी लागण्याआधी परत येता येईल अशी बदलीची मुदत मिळते का, हे कार्यालयाला विचारा. नसेल मिळत, तर दहावी-बारावीसाठी ती कोणाकडे राहील हे आत्ताच, तिला समोर बसवून ठरवा.