रायफलच्या नळीचे लॅपिंग

रायफलच्या नळीचे लॅपिंग ही नळीचा आतील पृष्ठभाग बारीक अपघर्षक भुकटीने घासून एकसारखा करण्याची प्रक्रिया आहे. शिशाची गोळी वापरणाऱ्या नेमबाजीच्या रायफलींमध्ये तिला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

नळीला छिद्र पाडताना व आतील सर्पिल खाचा, म्हणजेच आटे, कापताना हत्यारांचे सूक्ष्म ओरखडे राहतात. काही ठिकाणी नळी केसभर अरुंद, तर काही ठिकाणी सैल होते. तांब्याचे आवरण असलेली गोळी हे दोष बऱ्याच अंशी सोसते. उघडे शिसे मात्र मऊ असल्याने ओरखड्यांवर खरवडले जाऊन नळीत चिकटते. अरुंद भागात दबलेली गोळी पुढे सैल भागात आली, की तिच्या कडेने तप्त वायू निसटतात. त्यामुळे प्रत्येक गोळी थोड्या वेगळ्या स्थितीत नळीबाहेर पडते व नेम पसरतो.

पद्धत

नळीत सळई घालून तिच्या टोकाभोवती वितळलेले शिसे ओततात. थंड झालेल्या शिशावर आट्यांचा हुबेहूब ठसा उमटतो. या ठोकळ्याला तेल व अपघर्षक भुकटी लावून तो नळीत पुढे-मागे फिरवतात. सळईची मूठ मोकळी फिरणारी असते, त्यामुळे ठोकळा आट्यांच्या वळणानेच जातो. अपघर्षकाचे कण मऊ शिशात रुततात आणि कठीण पोलाद घासतात. म्हणजे ज्या धातूमुळे नळी खराब होते, तोच येथे हत्यार ठरतो. गॅरेजमध्ये इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना लॅपिंग पेस्ट वापरतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

नळी कोठे अडते, हे कारागिराला हाताला जाणवते. तेवढाच भाग अधिक घासून सर्वत्र सारखा अवरोध लागेपर्यंत काम चालते. आरशासारखी चकाकी आणणे हे उद्दिष्ट नसते. नळीचा व्यास मध्येच न वाढणे महत्त्वाचे. ठोकळ्याची दिशा उलटते त्या दोन्ही टोकांना नळी किंचित रुंदावते, म्हणून नळी तयार करणारे ती टोके नंतर कापून टाकतात. अतिरेक झाल्यास आट्यांच्या कडा गोलावतात. घासून गेलेला धातू परत येत नाही.

नेमबाजीतील संदर्भ

ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी वापरतात. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. सांगली व आष्टा परिसराला लागून असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याने या प्रकारात दोन नामवंत खेळाडू दिले. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले.

मर्यादा

झिजलेली नळी किंवा तिच्या तोंडाची दुखावलेली कड लॅपिंगने सुधारत नाही. एकाच नळीतून काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपांचे निकालही भिन्न येतात. म्हणून स्पर्धक आपल्या रायफलीला मानवणारी खेप चाचणी घेऊन निवडतात. भारतात व्यवसाय म्हणून बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक आहे.