बिनतिकिटाचा प्रवासी

हॉस्टेलवर कुत्र्याचा विषय निघाला की गाडी रेबीजपाशी थांबते. रेबीज भयंकर आहेच, पण निदान त्याची लस सगळ्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते एका पट्टकृमीबद्दल. नाव भारदस्त, एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. लांबी मात्र ३ ते ६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ड्रॉइंग शीटवरचं एक अक्षर!

हा कुत्र्याच्या आतड्यात राहतो. कुत्रं मजेत असतं. विष्ठेतून अंडी पडतात, चाऱ्याबरोबर शेळी-मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात, फुफ्फुसात पाण्याने भरलेले फुगे धरतात. ते कच्चे फुगे कुत्र्याने खाल्ले की चक्र पुन्हा सुरू. आपल्या धाराशिव जिल्ह्यात (जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे) कंदुरीला बोकड कापला की खराब फोपसं कुत्र्यापुढे टाकणारे काही कमी नाहीत. ते उकळून तरी टाकावं, नाहीतर खोल पुरावं.

माणूस यात सापडतो तो हातामुळे. अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटलेली असतात. कुरवाळलं, तसाच हात भाकरीला लावला, झालं! फुगा वर्षानुवर्षं मुकाट वाढतो. ऑपरेशनमध्ये तो फुटला तर रिअ‍ॅक्शन येऊन जीवही जाऊ शकतो, आणि पाणी सांडेल तिथे नवे फुगे धरतात.

आता प्रवासाचं. सातारा-पुण्याकडचे धनगर पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, राखणीची कुत्री बरोबर. तळ हलला की कृमीही हलला. भारतातून ब्रिटनला कुत्रं न्यायचं तर पोचण्याआधी २४ ते १२० तासांत डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन वेळ कागदावर नोंदवावी लागते. तो नियम याच्या भावकीतल्या दुसऱ्या कृमीसाठी आहे, पण औषध तेच, प्राझिक्वांटेल. आपण गावाकडून एसटीने कुत्रं आणतो तेव्हा कोण कागद बघतो? (गोचिडांतून येणारा बबेसिया निराळाच, त्यावर पुढच्या अंकात.)

फुगे खाल्ल्यापासून अंडी पडायला साधारण दीड महिना लागतो, म्हणून मेंढरांतल्या कुत्र्याला दर दीड महिन्याने डोस देतात. गोळीने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. त्यामुळे डोसनंतर दोन-तीन दिवस विष्ठा गोळा करून जाळायची किंवा खोल पुरायची.