द्रवस्फटिक : मिश्रण नव्हे, स्वतंत्र अवस्था

द्रवस्फटिक म्हणजे घन आणि द्रव यांचे मिश्रण, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती पदार्थाची स्वतंत्र अवस्था आहे. तिच्यात रेणू द्रवासारखे वाहतात, पण रोख साधारण एकाच दिशेला ठेवतात. वारीत माणसे पुढेमागे होतात, तरी सर्वांची वाट पंढरपूरचीच असते, तसे हे.

‘५सीबी’ हा परिचित द्रवस्फटिक सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये या अवस्थेत असतो. भिलाईत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; तेव्हा उघड्यावर ठेवलेला ५सीबी साधा द्रव होईल.

त्याच्या रेणूत दोन बेंझिन कड्यांचा ताठ कणा, पाच कार्बनची लवचीक शेपटी आणि दुसऱ्या टोकाला सायनो गट असतो. शुद्ध पाण्याच्या आंतरपृष्ठावर (दोन पदार्थ भेटतात ती सीमा) हे रेणू आडवे राहतात. पाण्यात सोडियम डोडेसिल सल्फेट हा डिटर्जंट पुरेसा मिसळला, की त्याच्या सरळ शेपट्या त्यांच्यात शिरतात आणि ते उभे होतात. पण डिटर्जंटच्या दोन्ही टोकांना जलस्नेही (पाण्याकडे ओढले जाणारे) गट असतील, तर त्याचा रेणू पृष्ठावर वाकून बसतो आणि द्रवस्फटिक आडवाच राहतो.

म्हणजे नुसता पाण्याचा स्पर्श नव्हे, तर रेणूंची घडण ही मांडणी ठरवते.