पगाराचा दहावा भाग चर्चला? दशमांश म्हणजे काय आणि तो देणे बंधनकारक आहे का?

नाशिक : रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली फिरते, तेव्हा अनेक ख्रिस्ती कुटुंबे त्यात दशमांशाचे पाकीट टाकतात. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. १८ हजार पगार असेल तर १,८०० रुपये. घरभाडे, शाळेची फी आणि हप्ते भागवणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. मग तो द्यावाच लागतो का?

प्रथा आली कुठून?
बायबलच्या जुन्या करारातून. इस्राएलमधील लेवी वंशाकडे मंदिराची सेवा होती, पण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता. इतरांच्या धान्याचा व जनावरांचा दहावा भाग हाच त्यांचा निर्वाह. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश परके, अनाथ आणि विधवा यांच्यासाठीही असे.

येशूने काय सांगितले?
पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्या, पण न्याय आणि दया विसरणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना त्याने फटकारले. पुढे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे आणि आनंदाने द्यावे. त्याने टक्का सांगितला नाही.

आज नियम काय?
* कॅथलिक : चर्चच्या गरजा भागवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य, पण १० टक्क्यांची सक्ती नाही.
* प्रोटेस्टंट : काही मंडळ्या दशमांशावर भर देतात, काही ऐच्छिक अर्पणावर.
* भारतात चर्चसाठी सरकारी कर नाही. जर्मनीत मात्र नोंदणीकृत सदस्यांकडून प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर घेतला जातो.

नाशिकशी संबंध काय?
१९ व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवले. आफ्रिकेतील गुलामगिरीतून सुटलेली मुलेही तेथे शिकली. खर्चाचा आधार परदेशातील देणग्यांचा होता. मात्र सोसायटीचे तेव्हाचे सचिव हेन्री व्हेन यांचे धोरण होते, की स्थानिक मंडळीने स्वतःच्या पायावर उभे राहावे. त्यासाठी पैसा सभासदांच्याच खिशातून येणार होता. पाळकांचे मानधन, इमारतीची दुरुस्ती, गरजूंना मदत हे खर्च आजही मुख्यतः अर्पणातून भागतात.

देताना काय पाहावे?
* चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीकृत आहे का? अशा ट्रस्टला हिशेब ठेवावे लागतात.
* पावती घ्या. ऑनलाइन पैसे भरताना खाते ट्रस्टच्या नावाचे आहे ना, हे तपासा.
* पावती मिळाली म्हणजे करसवलत मिळेलच, असे नाही. केवळ एका धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थेच्या देणगीला ती सहसा लागू होत नाही.
* ‘जास्त द्या, दुप्पट मिळेल’ असे सांगून कोणी मागत असेल, तर सावध राहा. तिसऱ्या वर्षीचा दशमांश ज्या अनाथ-विधवांसाठी होता, त्यांच्यासारख्याच अडचणीतल्या घराने कर्ज काढून तो भरणे, हा प्रथेचा हेतू कधीच नव्हता.