मूत्रपिंडविकार आणि मधल्या वेळचें खाणें

नाशकांत दुपारचे चार वाजले कीं घरोघरीं चिवड्याचा डबा उघडतो आणि द्राक्षांच्या दिवसांत त्याच्या जोडीला द्राक्षांचें ताट येतें. घरांतील कोणाचीं मूत्रपिंडें दीर्घकाळ अशक्त झालेलीं असतील तर दोन वेळच्या जेवणाचें पथ्य सहसा नीट पाळलें जातें. मोडतें तें या मधल्या वेळीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

पथ्य हा शब्द ‘पथिन्’ शब्दापासून झाला. जें वाट सोडीत नाहीं तें पथ्य. या विकारांत वाट ठरते ती रक्ताच्या तपासणीवरून. निरोगी मूत्रपिंडें अन्नांतील जादा सोडियम, पोटॅशियम व फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांची शक्ति घटली म्हणजे सोडियमनें सूज येते व रक्तदाब वाढतो. फॉस्फरसनें हाडें दुबळीं होतात. पोटॅशियम फार सांचलें तर हृदयाची गति बिघडून प्राणावर बेततें.

प्रथम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ माणसास दिवसाकाठीं 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगितलें आहे. चिवडा, फरसाण, पापड व लोणचें यांनीं ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग कित्येक गृहिणी ‘कमी सोडियमचें’ मीठ आणतात. त्यांत बहुधा सोडियमच्या जागीं पोटॅशियम घातलेलें असतें. म्हणूनच 2025 सालीं अशा मिठाची शिफारस करतांना संघटनेनें मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्यांतून वगळलें. सैंधव हेंही मुख्यतः सोडियमचेंच मीठ होय.

दुसरा धोका फराळाचा. ‘उपवासाचें तें हलकें’ ही समजूत येथें घातक ठरते. बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, केळें, शहाळ्याचें पाणी या सर्वांत पोटॅशियम भरपूर. साबुदाण्यांत तें नाममात्र. परंतु खिचडींतील दाण्याचें कूट व बटाटा ती उणीव भरून काढतात! त्यापेक्षां भगर बरी. मात्र तिच्याबरोबर दाण्याची आमटी नको. बटाटा घालावयाचाच तर बारीक चिरून भरपूर पाण्यांत उकडावा व तें पाणी टाकून द्यावें.

आतां द्राक्षें. 100 ग्रॅम ताज्या द्राक्षांत सुमारें 190 मिलिग्रॅम पोटॅशियम असतें. तितक्याच वजनाच्या बेदाण्यांत सुमारें 750. तेव्हां लहान वाटीभर द्राक्षें पुष्कळांना चालतात, मूठभर बेदाणे चालत नाहींत. मधुमेह असल्यास साखरेचाही हिशेब हवा. पेरूपेक्षां सफरचंद किंवा अननस बरें.

चिवडाच हवा असेल तर साळीच्या लाह्यांना थोड्या तेलांत जिरें, हळद व कढीलिंबाची फोडणी द्यावी, मीठ चिमूटभर घालावें आणि खातांना वर थोडें लिंबू पिळावें.

मात्र डायलिसिसवर असलेल्यांना प्रथिनें अधिक लागतात, आणि पाणी बहुधा मोजून प्यावें लागतें. म्हणून एकाची यादी दुसऱ्यानें उचलूं नये. आपल्या डॉक्टरांना व आहारतज्ज्ञांना विचारूनच ती ठरवावी.

शेवटीं एक विनंती. डबा दडवून ठेवल्यानें पथ्य होत नाहीं. वडील माणूस मग चोरून खातो, आणि किती खाल्लें हें कोणासच कळत नाहीं. त्यापेक्षां सगळ्या घराच्याच डब्यांत मीठ कमी करावें. वर सांगितलेली मिठाची मर्यादा निरोगी माणसांसही आहेच; आणि पंक्तींतून उठवलें न गेल्याचें समाधान रोग्यास लाभेल.